मेंदूंतील हिरव्या वाटा

श्रोतेहो, पुष्कळ घरांत असा एखादा वृद्ध गृहस्थ असतो, कीं ज्याच्या हातीं चहाची कपबशी दिली असतां ती किणकिणूं लागते. हात मांडीवर स्वस्थ ठेवला तरी बोटें जपमाळ ओढल्याप्रमाणें हलत राहतात. खुर्चींतून उठावयाचें मनांत येतें, पण शरीर उठत नाहीं. उठलें तरी पहिलें पाऊल पुढें पडत नाहीं. आणि एकदां चालूं लागल्यावर थांबणें कठीण होऊन बसतें. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार दिसतो, म्हणून नातवंडें समजतात कीं आजोबा रागावले आहेत. आजोबा रागावलेले नसतात. त्यांची इच्छा शाबूत असते, स्नायूही धड असतात. मात्र इच्छेपासून स्नायूंपर्यंत जाणाऱ्या मार्गावर कोठेंतरी कांहींतरी आटलेलें असतें. काय आटलें आणि कोठें आटलें, हें नक्की सांगतां येण्यास मनुष्यास जवळ जवळ दीडशें वर्षें लागलीं. आजच्या भाषणांत त्या शोधाची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे.

या व्याधीचें नेटकें वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं एका छोट्या पुस्तकांत केलें. आपल्याकडे तिला कंपवात म्हणतात. पार्किन्सन यांनीं रोगी पाहिले होते, त्यांचे मेंदू पाहिले नव्हते. मेंदूच्या तळाशीं, ज्यास मध्यमस्तिष्क म्हणतात त्या भागांत, दोन्ही बाजूंस काळसर रंगाचा एकेक पट्टा असतो, ही गोष्ट फ्रेंच शारीरशास्त्रज्ञ व्हिक दाझीर यांनीं १७८६ सालींच नमूद करून ठेविली होती. या पट्ट्यास आपण कृष्णद्रव्य म्हणूं. पुढें १९१९ सालीं पॅरिस येथें त्रेत्याकॉफ नांवाच्या तरुण रशियन डॉक्टरांनीं आपल्या प्रबंधांत असें दाखविलें, कीं कंपवातानें मेलेल्या रोग्यांच्या मेंदूंत हा काळा पट्टा फिकट पडलेला असतो व त्यांतील पेशी बव्हंशीं नाहींशा झालेल्या असतात. एवढा पुरावा हातीं असूनही पुढें कित्येक वर्षें बहुतेक तज्ज्ञांस तो पटला नाहीं. कृष्णद्रव्यांतून निघणारे धागे कोठें जातात आणि तेथें जाऊन काय करतात, हेंच कोणास सांगतां येत नव्हतें. आणि ज्या वाटेचा दुसरा शेवट दिसत नाहीं तिला वाट तरी कसें म्हणावें?

मेंदूंतील धागे पाहण्याची विद्या त्या वेळीं नव्हती असें नाहीं. इटलींतील कामिल्लो गोल्जी यांनीं १८७३ सालीं रौप्यक्षारांच्या योगानें मज्जापेशी काळ्या रंगवून काढण्याची रीत शोधून काढली, आणि स्पेनचे काहाल यांनीं त्याच रीतीनें मेंदूचीं अशीं चित्रें काढलीं कीं तीं आजही अभ्यासकांच्या उपयोगीं पडतात. दोघांसही १९०६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु या रीतींत एक उणीव होती. चांदीच्या रंगांत सर्व धागे सारखेच काळे दिसत. गांवांतील रस्त्यांचा नकाशा काढावा, पण कोणत्या रस्त्यानें धान्य जातें, कोणत्या रस्त्यानें मीठ जातें आणि कोणत्या रस्त्यानें टपाल जातें, याची त्यांत नोंदच नसावी, तशांतला तो प्रकार होता. शिवाय अत्यंत बारीक धाग्यांवर हा रंग नीट चढत नसे. आणि जो धागा दिसत नाहीं तो नाहींच, असें समजण्याकडे विद्वानांचाही कल असतो.

वास्तविक मेंदूंत कांहीं माल वाहिला जातो, हेंच प्रथम पुष्कळांस मान्य नव्हतें. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो विजेच्या ठिणगीनें, कीं एखाद्या रसायनाच्या थेंबानें, याविषयीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठा वाद चालूं होता. हातापायांच्या व हृदयाच्या मज्जातंतूंपुरता रसायनवाद्यांचा जय झाला. पण मेंदूचें काम विजेनेंच चालत असलें पाहिजे, अशी पुष्कळ थोरामोठ्यांची समजूत होती.

आपल्या कथेंतील रसायनाचें नांव डोपामिन. बार्जर व इवेन्स या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं १९१० सालीं लंडन येथील वेलकम प्रयोगशाळेंत तें प्रथम तयार केलें. रक्तदाब वाढविण्याच्या कामीं ॲड्रिनलिनच्या मानानें तें फारच दुबळें ठरलें, तेव्हां बाटलींत घालून कपाटांत ठेवावें अशीच त्याची योग्यता ठरली. १९३९ सालीं हर्मन ब्लाश्को यांनीं असा तर्क मांडला, कीं शरीरांत डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरॲड्रिनलिन आणि त्यापासून ॲड्रिनलिन, अशी पायरीपायरीनें घडण होत असावी. तर्क बरोबर होता. परंतु त्यामुळें डोपामिनच्या वांट्यास धर्मशाळेची भूमिका आली. कोणी मुक्कामास यावें व पुढें निघून जावें. त्याचें स्वतःचें असें काम कांहीं नाहीं. या रसायनास डोपामिन हें सुटसुटीत नांवदेखील हेन्री डेल यांच्या सूचनेवरून १९५२ सालीं मिळालें.

आतां या कथेचा धागा आपल्या देशांतून जातो. सर्पगंधा नांवाचें एक लहानसें झुडूप आपल्याकडील रानांत उगवतें. उन्माद, निद्रानाश, सर्पदंश अशा नाना व्याधींवर त्याचीं मुळें देण्याचा प्रघात जुना आहे. १९३१ सालीं दिल्ली येथें सलीमुज्जमाँ सिद्दीकी व त्यांचे सहकारी यांनीं त्या मुळांतील क्षारद्रव्यें वेगळीं केलीं. त्याच सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर या मुळांचा गुण कसा येतो, तें वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केलें. परदेशांत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. ती घेतली गेली १९४९ सालीं, जेव्हां मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या रोग्यांवरील अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकांत मांडला. पुढें तीनच वर्षांनीं, १९५२ सालीं, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं सर्पगंधेच्या मुळांतून रिसर्पिन नांवाचें शुद्ध द्रव्य काढलें, आणि पाहतां पाहतां तें जगभर रक्तदाबावर व वेडावर वापरलें जाऊं लागलें.

रिसर्पिनचा एक परिणाम मात्र डॉक्टरांस चकित करणारा होता. मोठ्या मात्रेनें तें दिलें असतां कांहीं रोगी मंद होत, अंग ताठ होई, हात कांपूं लागत. थोडक्यांत, औषधानें कृत्रिम कंपवात उत्पन्न होई व औषध थांबवितांच तो निघून जाई. सर्पगंधेनें जणुं एका बंद दरवाजाची किल्लीच शास्त्रज्ञांच्या हातीं दिली होती. तिनें मेंदूंतून कोणती वस्तु काढून घेतली होती?

या प्रश्नाचा पाठलाग ज्यांनीं केला ते स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन. १९५५ सालीं ते कांहीं महिने अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथें बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेंत होते. रिसर्पिननें मेंदूंतील सिरोटोनिनचा सांठा रिता होतो, असें ब्रोडी यांनीं नुकतेंच दाखविलें होतें, व सर्व अनर्थाचें मूळ तेंच असें त्यांचें मत होतें. कार्लसन यांस शंका आली, कीं रिसर्पिन आणखी कांहीं लुटून नेत नसेल कशावरून? लुंड येथें परत आल्यावर नील्स-ओके हिलार्प यांच्या साह्यानें त्यांनीं तपास केला, तों नॉरॲड्रिनलिनही नाहींसें होतें असें दिसून आलें. मग १९५७ सालीं त्यांनीं तो प्रसिद्ध प्रयोग केला. सशांस रिसर्पिन दिलें. ससे निपचित पडले, कान लोंबू लागले, डिवचलें तरी हालेनात. नॉरॲड्रिनलिन रक्तांतून मेंदूंत शिरूं शकत नाहीं. म्हणून त्यांनीं त्याचें पूर्वद्रव्य, म्हणजे डोपा, सशांस टोंचलें. थोड्याच वेळांत कान उभे राहिले आणि ससे इकडेतिकडे धांवूं लागले.

आतां खरी गंमत पुढेंच आहे. या जाग्या झालेल्या प्राण्यांचे मेंदू तपासले, तेव्हां त्यांत नॉरॲड्रिनलिन परत आलेलेंच नव्हतें. जें आलें होतें तें धर्मशाळा म्हणून हिणविलेलें डोपामिन. त्याच वर्षीं इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रनवेल इस्पितळांत कॅथलीन माँटेग्यू यांनींही डोपामिन मेंदूंत आढळतें असें स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलें होतें. त्यांचें नांव पुढील हकीकतींत फारसें ऐकूं येत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगतों. १९५९ सालीं लुंडच्या बर्टलर व रोझेनग्रेन यांनीं कुत्र्याच्या मेंदूचे निरनिराळे भाग वेगवेगळे मोजले, तों बहुतेक डोपामिन एकाच ठिकाणीं गोळा झालेलें आढळलें. तें ठिकाण म्हणजे मेंदूच्या पोटांतील रेखित पिंड. हालचालींशीं या पिंडाचा निकट संबंध आहे, हें पूर्वींपासून ठाऊक होतें.

इतकें झाल्यावर शास्त्रज्ञांनीं माना डोलाविल्या असतील, असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. १९६० च्या मार्च महिन्यांत लंडन येथें या विषयावर परिषद भरली. तेथें सर हेन्री डेल व त्यांच्या परंपरेंतील नामांकित पंडित उपस्थित होते. कार्लसन यांनीं आपले आंकडे मांडले. पण मेंदूच्या व्यापारांत या द्रव्याचें कांहीं काम असेल, हें त्या सभेस पटलें नाहीं. ससे उठून धांवतात ते एखाद्या विषाच्या झटक्यानेंही धांवत असतील, अशी शंका निघाली. हे लोक हटवादी होते असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांच्या आक्षेपांत तथ्य होतें. मेंदूचा तुकडा वाटून, गाळून त्यांत अमुक द्रव्य इतकें आहे असें सांगितलें, तर तें मज्जापेशींच्या धाग्यांत होतें, कीं पेशींच्या मधल्या फटींत सांडलें होतें, हें कसें कळणार? गांवांतील सर्व घरें पाडून मातीचा ढीग केला व त्यांत दहा शेर मीठ सांपडलें म्हणून सांगितलें, तर मिठाचें दुकान कोणत्या आळीत होतें तें त्यावरून कळत नाहीं. मोजमाप पुष्कळ झालें होतें; पाहणें व्हावयाचें होतें.

त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें एक निराळेंच पाहणें घडलें. ओलेह हॉर्निकिविच यांनीं आपले सहकारी एहरिंगर यांच्यासह मृत रोग्यांचे मेंदू गोळा केले. कंपवाताच्या रोग्यांचे मेंदू होते अवघे सहा. रेखित पिंडाच्या अर्कांत रसायन घातलें असतां निरोगी मेंदूच्या अर्कास गुलाबी रंग येई. कंपवाताच्या रोग्यांच्या अर्कास तो जवळ जवळ आलाच नाहीं. यंत्रांत घालून मोजण्याच्या आधींच उणीव नुसत्या डोळ्यांस दिसत होती. दुसऱ्या वर्षीं, १९६१ च्या जुलैंत, वॉल्टर बिर्कमायर यांनीं डोपा शिरेंतून टोंचून पाहिलें. बिछान्यावरून उठूं न शकणारे रोगी उठून बसले, बसणारे उभे राहिले, उभे राहणारे चालूं लागले. आणि कांहीं तासांनीं पुनः जागच्या जागीं खिळले. हा थोड्या वेळचा चमत्कार ज्यांनीं पाहिला त्यांस तो जन्मभर विसरतां आला नाहीं. पण मूळ प्रश्न राहिलाच. डोपामिन रेखित पिंडांत असतें, आणि मरतात त्या पेशी तर दूर तळाशीं कृष्णद्रव्यांत. मग या दोहोंचा दुवा कोणता?

तो दुवा दिसूं लागला एका हिरव्या उजेडांत. फॉर्माल्डिहाइडच्या योगानें या जातीचीं द्रव्यें चमकूं लागतात, ही गोष्ट थोडीफार माहीत होती. अडचण अशी, कीं हीं द्रव्यें पाण्यांत चटकन विरघळतात. ओल्या पेशीवर प्रयोग करावा, तों द्रव्य आपली जागा सोडून भलतीकडे पसरतें, आणि मग चमकतें तें घर नसून शेजारचें आंगण असतें. हिलार्प व लुंडचे बेंग्ट फाल्क यांनीं १९६१ च्या सुमारास यावर युक्ति काढली. प्राण्याच्या अवयवाचा तुकडा क्षणार्धांत गोठवावयाचा. मग निर्वात भांड्यांत ठेवून त्यांतील बर्फ पाणी होऊं न देतां वाफेच्या रूपानेंच काढून घ्यावयाचा. आणि अशा रीतीनें खडखडीत वाळलेल्या तुकड्यास सुमारें ८० अंश उष्णतेंत तासभर फॉर्माल्डिहाइडची नुसती वाफ द्यावयाची. पाणीच नाहीं, तेव्हां द्रव्य हलणार कोठें? तें जागच्या जागीं वाफेशीं संयोग पावतें. मग त्या तुकड्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं विशिष्ट निळसर-जांभळा प्रकाश टाकला, कीं डोपामिन व नॉरॲड्रिनलिन हिरवें चमकतें आणि सिरोटोनिन पिवळें. वाफेंत ओलावा किती असावा येथपर्यंत सर्व कांहीं सांभाळावें लागे. अन्यथा चित्र बिघडे. परंतु साधलें, कीं काळोख्या रात्रीं उंचावरून शहराचे दिवे दिसावे, तसे पेशी, धागे व धाग्यांच्या टोंकांवरील मण्यांसारखे फुगवटे झगमगूं लागत. जें मोजूनही पटत नव्हतें, तें आतां डोळ्यांपुढें होतें.

१९६२ सालीं हिलार्प स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेंत प्राध्यापक झाले व त्यांनीं आपल्याभोंवतीं विद्यार्थ्यांचा एक मेळा जमविला. आनिका डालस्ट्रॉम, शेल फुक्से, टोमास हकफेल्ट, उर्बान उंगरस्टेट, लार्स ऊलसन हीं सर्व मुलें पंचविशीच्या आगेंमागें होतीं. प्रत्येकास एकेक काम नेमून दिलें गेलें आणि पांढऱ्या उंदराच्या मेंदूचे हजारों काप तपासले गेले. १९६४ सालीं डालस्ट्रॉम व फुक्से यांनीं पहिला नकाशा प्रसिद्ध केला. पेशींच्या ज्या वस्त्या त्यांस दिसल्या त्यांस त्यांनीं नांवें न देतां नुसते क्रमांक दिले. हिरव्या वस्त्या ए-१ पासून ए-१२ पर्यंत. पिवळ्या बी-१ पासून बी-९ पर्यंत. खालून वर मोजीत गेलें असतां पहिल्या सात हिरव्या वस्त्या नॉरॲड्रिनलिनच्या, व आठपासून बारापर्यंतच्या डोपामिनच्या, असा पुढें निर्णय झाला. ए-९ म्हणजे आपलें कृष्णद्रव्य. ए-१० ही त्याच्या शेजारची, मध्यरेषेलगतची वस्ती. जगांतील प्रयोगशाळांत आजही हेच क्रमांक चालतात.

वस्त्या दिसल्या, तरी वाटा दिसणें सोपें नव्हतें. पेशींत व धाग्याच्या टोंकांशीं द्रव्य भरपूर असतें; मधल्या लांबलचक धाग्यांत इतकें थोडें, कीं तो चमकतच नाहीं. नदीचा उगम दिसावा, मुख दिसावें, पण मधला प्रवाह वाळूखालीं लुप्त असावा, तशी स्थिति होती. यावर त्यांनीं बांध घालण्याचा उपाय योजिला. धागा मधेंच छेदला, तर पेशीकडून येणारें द्रव्य छेदाच्या अलीकडे तुंबतें व तेथें हिरवा फुगवटा दिसतो. आणि पलीकडे टोंकांतील प्रकाश कांहीं दिवसांत मावळतो. आंदेन व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं याच मार्गानें सिद्ध केलें, कीं कृष्णद्रव्याच्या पेशींस इजा केली असतां रेखित पिंडांतील हिरवा उजेड नाहींसा होतो. म्हणजे त्या पिंडांतील डोपामिन तेथील रहिवासी नसून खालच्या वस्तींतून धाग्यावाटे आलेलें असतें. व्हिक दाझीर यांचा काळा पट्टा, पार्किन्सन यांचे रोगी, त्रेत्याकॉफ यांच्या मेलेल्या पेशी, सर्पगंधेनें निजविलेले ससे आणि व्हिएन्नाचा न आलेला गुलाबी रंग, या सर्वांतून एकच सूत गेलेलें आहे, हें त्या दिवशीं उघड झालें.

हिलार्प यांस या यशाचें सुख फार काळ लाभलें नाहीं. कर्करोगानें १९६५ सालीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागें काम थांबलें नाहीं, हीच त्यांची खरी पुण्याई. उंगरस्टेट यांनीं एक असें विष वापरण्याची रीत काढली, कीं जें याच जातीच्या पेशींत शिरतें व त्यांसच मारतें. एका बाजूचें कृष्णद्रव्य अशा रीतीनें मारलें असतां उंदीर एका अंगास वळून गोल गोल फिरूं लागतो. १९७१ सालीं त्यांनीं या वाटांचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला व त्यावर पुढच्या पिढीचें शिक्षण झालें.

या नकाशांतील मोठ्या वाटा चार. पहिली, कृष्णद्रव्यापासून रेखित पिंडापर्यंतची. हालचालींचा आरंभ व ओघ तिच्यावर अवलंबून असतो. दुसरी ए-१० पासून मेंदूच्या ज्या भागांत भावना व प्रेरणा यांचे व्यवहार चालतात तेथें जाते. तिसरी त्याच परिसरांतून निघून कपाळामागील मेंदूच्या बाह्य पटलापर्यंत पोंचते. चौथी अगदीं आंखूड; ए-१२ मधून निघून ती पीयूषिका ग्रंथीकडे आपलें द्रव्य सोडते, आणि स्तनांत दूध उत्पन्न करणाऱ्या रसास आवर घालते. म्हणूनच डोपामिनचें काम अडविणारीं कांहीं मानसोपचाराचीं औषधें घेणाऱ्या स्त्रियांस अकालीं दूध येतें. एकाच द्रव्याचे चार ठिकाणीं चार धर्म, आणि औषध मात्र चोहोंकडे सारखेंच जाणारें. असल्या औषधांचे अनिष्ट परिणाम कां होतात, याचें अर्धें उत्तर या नकाशांतच आहे.

हा नकाशाही सर्वांनीं एकदम स्वीकारला असें नाहीं. रौप्यक्षारांनीं धागे रंगविणाऱ्या शारीरशास्त्रज्ञांस कृष्णद्रव्यापासून वर जाणारी वाट दिसत नव्हती, व त्यांनीं ती नाकारली. पुढें रंगविण्याची त्यांचीच रीत सुधारली, तेव्हां तेथें खरोखरच अतिसूक्ष्म धागे आहेत असें आढळलें. उलट, हिरव्या उजेडाच्या पुरस्कर्त्यांसही स्वतःची चूक सुधारावी लागली. मेंदूच्या बाह्य पटलांतील हिरवे धागे सगळे नॉरॲड्रिनलिनचे, असें प्रथम समजलें जात असे. कारण दोन्ही द्रव्यांचा उजेड हिरवाच. १९७३ सालीं पॅरिसच्या तिएरी, ग्लोविन्स्की प्रभृतींनीं दाखविलें, कीं तेथें डोपामिनचे स्वतंत्र धागेही आहेत. लगेच १९७४ सालीं लुंडच्या लिंडवाल व ब्यर्क्लुंड यांनीं अधिक तीक्ष्ण रासायनिक रीतीनें ते धागे उघड करून दाखविले. वरील तिसरी वाट नकाशावर आली ती अशी, मागाहून.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा नकाशा मूळचा उंदराचा. सस्तन प्राण्यांच्या मेंदूंत मुख्य वस्त्या त्याच क्रमानें आढळतात, हें खरें. १९७३ सालीं मानवी गर्भाच्या मेंदूंतही त्या ओळखल्या गेल्या. पण उंदराच्या बाह्य पटलांत डोपामिनचे धागे थोड्याच भागांत दाट असतात, तर वानरांत व मनुष्यांत ते कितीतरी अधिक विस्तारानें पसरलेले असतात. तेव्हां उंदरांत दिसलें तें मनुष्यांत तसेंच असेल, असें म्हणण्यापूर्वीं दर वेळीं पुनः पाहावें लागतें. मनुष्याच्या मेंदूंत एकंदर सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी. त्यांपैकीं मध्यमस्तिष्कांतील डोपामिनच्या पेशी चार ते सहा लाख, म्हणजे दर दीड-दोन लाखांत एक. परंतु एकेका पेशीच्या शाखा इतक्या, कीं उंदरासारख्या लहान प्राण्यांतही कांहीं पेशींचे सर्व फांटे जोडले, तर ते अर्ध्या मीटरहून लांब भरतात. थोड्या घरांतून निघून सबंध प्रांतास पाणी पुरविणारे हे पाट आहेत. म्हणूनच मूळचीं थोडीं घरें ओस पडलीं कीं सबंध प्रांत कोरडा पडतो.

नकाशाचा लाभ रोग्यांस काय झाला? १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कॉट्झियास यांनीं डोपा थोड्या थोड्या मात्रेनें, पण दीर्घकाळ वाढवीत नेऊन पोटांत दिलें, आणि तासांचा चमत्कार वर्षांवर नेला. आजही कंपवाताच्या उपचाराचा मुख्य आधार तेंच औषध आहे. आणि पुनः आपल्या देशाचा संबंध येतो. ज्या खाजकुइलीच्या शेंगेस हात लागला कीं अंगास खाज सुटते, तिच्या बियांत हेंच डोपा असतें, असें मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलें होतें. एक वनस्पति मेंदूंतील डोपामिन लुटणारी, दुसरी तें भरून देणारी. दोन्ही आपल्याच रानांत उगवत होत्या. पण त्यांचा परस्परांशीं संबंध जुळण्यास आधीं मेंदूंतील वाट दिसावी लागली. मात्र यावरून कोणी घरच्या घरीं बिया कुटून घेऊं नयेत. मात्रा चुकल्यास शरीर आपोआप वेडेंवांकडें हलूं लागतें. औषधाचीच ही दुसरी बाजू आहे. शिवाय डोपा पाटांत पाणी घालतें. ओस पडलेलीं घरें पुनः वसवीत नाहीं. पेशी मरावयाच्या त्या मरतच राहतात, आणि तें थांबविणारा उपाय अद्यापि सांपडलेला नाहीं.

नकाशा हातीं आला कीं मनुष्यास सर्व प्रदेश कळल्याचा भास होतो, हाही एक धोकाच आहे. मेंदूंतील कांहीं जागीं विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर स्वतःच पुनः पुनः दांडी दाबतो, असें ओल्ड्स व मिल्नर यांनीं १९५४ सालीं माँट्रियल येथें दाखविलें होतें. पुढें दुसरी वाट त्याच प्रदेशांतून जाते असें दिसल्यावर, डोपामिन म्हणजे सुखाचें रसायन, अशी बाजारी समजूत रूढ झाली. परंतु वुल्फराम शुल्ट्झ यांनीं वानरांच्या पेशींचें कार्य टिपलें, तेव्हां निराळेंच दिसलें. अनपेक्षित रस मिळाला कीं त्या पेशी चाळवतात. तोच रस अपेक्षेप्रमाणें मिळाला तर स्वस्थ राहतात. आणि अपेक्षिलेला रस न मिळाल्यास उलट मंदावतात. म्हणजे त्या सुख मोजीत नसून अपेक्षा व प्राप्ति यांतील अंतर मोजीत असाव्यात. वाट कोठून कोठें जाते तें नकाशा सांगतो. तिच्यावरून काय चाललें आहे हें वाटेवर उभें राहूनच पाहावें लागतें.

या शोधाबद्दल २००० सालचें नोबेल पारितोषिक कार्लसन यांस अन्य दोघांसह मिळालें. हिलार्प त्या वेळीं हयात नव्हते. हॉर्निकिविच हयात होते, पण वगळले गेले, आणि त्याबद्दल शेंकडों शास्त्रज्ञांनीं उघड नापसंती व्यक्त केली. पारितोषिकाचें असो. १९८३ सालीं कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं किरणोत्सर्गी खूण केलेला डोपासारखा पदार्थ जिवंत मनुष्याच्या शिरेंत सोडून त्याच्या रेखित पिंडाचें चित्र यंत्रावर घेतलें. मेलेल्या उंदराच्या वाळलेल्या कापांत जो उजेड प्रथम दिसला होता, त्याचा ठाव आतां समोर बसून बोलणाऱ्या मनुष्याच्या मस्तकांत लागूं लागला. कंपवाताच्या रोग्यांत तें चित्र एका टोंकाकडून अंधुक होत जातें.

तेव्हां श्रोतेहो, घरांतील वृद्धाच्या हातीं कपबशी किणकिणूं लागली, तर ती काढून घेण्याची घाई करूं नये. अर्धाच कप भरून द्यावा आणि थोडें थांबावें. त्याच्या मनानें तो कप केव्हांच उचललेला असतो. तळाशीं उरलेल्या थोड्या पेशी आपल्या परीनें निरोप वर पोंचवीत असतात. त्यांस वेळ लागतो, इतकेंच.